परक्या वखारीतील आपले दप्तर

‘क्लाउड’ हा शब्द अलीकडे आपल्या व्यापारी बांधवांच्या कानांवर वरचेवर पडू लागला आहे. करसल्लागाराच्या कचेरीत तो ऐकू येतो, संगणक दुरुस्तीस येणारा तरुण तो सहज उच्चारतो, आणि पुण्या-बंगळुरास नोकरी करणारी आपली मुले तर सुट्टीत घरी आली की ‘बाबा, सगळे क्लाउडवर टाका’ असा सल्ला देऊन परत जातात. शब्दाचा अर्थ ढग असा असल्यामुळे, आपले दप्तर कोठे तरी अधांतरी ठेवण्याचा हा प्रकार असावा, अशी शंका जुन्या पिढीच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. परंतु घाऊक धान्याच्या पेढीत ही व्यवस्था काही वर्षे प्रत्यक्ष वापरात असल्यामुळे तिचे स्वरूप व्यापाऱ्याच्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट ही की, या ढगाचा आकाशाशी काडीइतकाही संबंध नाही. तो जमिनीवरच आहे. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रांगेने मांडलेले असतात, त्यांना अखंड वीज व थंड हवा पुरविली जाते, दाराशी पहारा असतो. आपली कागदपत्रे त्या संगणकांवर राहतात आणि इंटरनेटच्या योगे गादीवर बसल्या बसल्या आपण ती पाहतो, लिहितो, पाठवितो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने पुणे, मुंबई व चेन्नई येथील आपली केंद्रे २०१५ साली सुरू केली. ॲमेझॉनचे मुंबई येथील केंद्र २०१६ साली व हैदराबादचे २०२२ साली चालू झाले. गूगलने २०१७ साली मुंबईत आणि २०२१ साली दिल्लीत आपली केंद्रे उघडली. हैदराबादच्या आपल्या सभासदांना हा ढग घराच्या अंगणातच उतरला आहे असे म्हणावयास हरकत नाही. मात्र कंपनीचे केंद्र भारतात आहे, एवढ्यावरून आपले दप्तरही भारतातच आहे असे समजू नये. ते कोठे ठेवले जाते हे करार करण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे.

आपण हरभऱ्याची शंभर पोती दुसऱ्याच्या वखारीत ठेवतो तेव्हा माल आपला, इमारत त्याची, पहारा त्याचा आणि भाडे आपण द्यावयाचे, असा तो व्यवहार असतो. क्लाउडवरील कार्यालय म्हणजे दप्तराच्या बाबतीत केलेला हाच व्यवहार होय. आपल्या धंद्यात तर आता वखारीची पावतीदेखील कागदाची राहिलेली नाही. गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाने २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणली आहे. तेव्हा ही कल्पना आपणास परकी वाटण्याचे कारण नाही. आणि वखारीत माल ठेवताना जे प्रश्न कोणताही शहाणा व्यापारी विचारतो, म्हणजे पावती कोणाच्या नावाची, किल्ली कोणाकडे, माल परत केव्हा व कसा मिळेल, तेच प्रश्न येथेही विचारावयाचे असतात. आश्चर्य असे की, पन्नास पोत्यांसाठी हे प्रश्न विचारणारा मनुष्य संपूर्ण दप्तरासाठी ते विचारीत नाही.

या सेवा देणाऱ्यांत तीन नावे आपल्याकडे विशेष प्रचलित आहेत. गूगलने २००६ साली व्यावसायिकांसाठी ही सेवा आरंभिली. तिचे नाव दोनदा पालटून २०२० पासून ती ‘गूगल वर्कस्पेस’ म्हणून ओळखली जाते. मायक्रोसॉफ्टने २०११ साली ‘ऑफिस ३६५’ आणले, तेच आज ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ होय. तिसरी झोहो ही आपल्या देशातील कंपनी. १९९६ साली वेगळ्या नावाने स्थापन झालेल्या या कंपनीने २००९ मध्ये झोहो हे नाव धारण केले. तिन्हींत मिळते ते जवळपास सारखेच: पेढीच्या नावाचा ईमेल, पत्रे लिहिण्याची सोय, आकड्यांचे तक्ते, कागदपत्रे ठेवण्याचे कपाट, तारखांची वही आणि दूरच्या माणसाशी समोरासमोर बोलण्याची व्यवस्था. तिघांत श्रेष्ठ कोण, या वादात पडण्याचे लहान पेढीला कारण नाही. घरातील मुलास ज्याची सवय असेल ते घ्यावे.

आज आपल्यापैकी बहुतेकांचे कार्यालय कोठे आहे? ते व्हॉट्सॲपवर आहे. हिशोबपट्टीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर, बिल्टी व्हॉट्सॲपवर, दलालाने कळविलेला भाव व्हॉट्सॲपवर, आणि उरलेले दुकानातील एका जुन्या संगणकात. निरोप देण्यास व्हॉट्सॲपसारखे दुसरे साधन नाही हे मान्य केलेच पाहिजे. परंतु निरोप्या निराळा आणि दिवाणजी निराळा. मागील वैशाखात आलेल्या मक्याच्या गाडीची पट्टी शोधावयाची झाल्यास मोबाईलवर बोट झिजवावे लागते. आणि तो मोबाईल बसमध्ये हरवला तर शोधणेही उरत नाही. संगणकाचे म्हणाल तर २०१९ सालच्या ऑगस्टमधील महापूर कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांच्या स्मरणात आहे. राष्ट्रीय महामार्ग कोल्हापुराजवळ काही दिवस बंद पडला होता. भिजलेले धान्य डोळ्यांना दिसले, पंचनाम्यात आले. पण पाण्याखाली गेलेल्या संगणकात कोणाकडून किती येणे आहे याची यादी होती, तिचा पंचनामा कोण करणार?

आता ही व्यवस्था पेढीत कशी चालते ते सांगतो. आमच्याकडे भावाचा एक तक्ता आहे. त्यात ज्वारी, मका, हरभरा, तूर, सोयाबीन अशा जिनसांच्या ओळी आणि बेळगाव, हुबळी, सांगली, सोलापूर असे बाजारांचे रकाने. पूर्वी सकाळी दहापासून फोन खणखणत, दिवाणजी चिठोऱ्यांवर भाव टिपत, आणि दुपारी त्यातील दोन चिठोरी हमखास हरवत. आता चिरंजीव सांगलीच्या बाजारात उभे राहून मोबाईलवर भाव भरतात आणि तो आकडा त्याच क्षणी गादीवरच्या संगणकात उमटतो. तक्ता एकच, पाहणारे तिघे, तीन गावी. ‘माझ्याकडची यादी नवी की तुमच्याकडची’ हा वाद संपला.

दुसरा तक्ता गाड्यांचा. मोटारीचा क्रमांक, पोती, भरलेले वजन, बारदानाची वजावट, हमाली, तोलाई, भाडे, उचल. या तक्त्याचा एक गुण आम्हांस प्रथम ठाऊक नव्हता, आणि तोच आज सर्वांत मोलाचा वाटतो. कोणता आकडा कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलला याची नोंद ही व्यवस्था आपण होऊन ठेवते. एकदा एका गाडीच्या वजनात दोन क्विंटलांची तफावत निघाली. सकाळी एक आकडा पाहिल्याचे चिरंजीवांना पक्के आठवत होते, तक्त्यात दुसराच होता. संशयाची सुई दिवाणजींकडे वळणार, तोच जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. सायंकाळी सहाच्या सुमारास दिवाणजींनीच आकडा बदलला होता, आणि शेजारी टीप लिहिली होती की गाडी दुसऱ्या काट्यावर पुन्हा वजन केली. काट्याची चिठ्ठी फाईलमध्ये होतीच. ज्या मनुष्याने पेढीत सत्तावीस वर्षे काढली त्याच्यावर एक दिवसही किटाळ राहिले असते तर ते भरून आले नसते. जुन्या चोपडीत खाडाखोड दिसे, पण ती कोणी व केव्हा केली हे दिसत नसे. येथे ते दिसते.

हे सर्व ज्याच्या त्याच्या अधिकारानुसार दाखविता येते. दलालास भावाचा तक्ता केवळ पाहता यावा, बदलता येऊ नये. करसल्लागारास बिलांची फाईल दिसावी, येण्याची यादी दिसू नये. ही वाटणी करणे सोपे आहे, पण आळसामुळे केली जात नाही. ‘ज्याच्याकडे दुवा असेल त्या सर्वांना’ अशी एक सोय असते. ती वापरणे म्हणजे दुकानाची किल्ली देवळाच्या पायरीवर ठेवण्यासारखे आहे. दुवा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि आपले गिऱ्हाईक आपल्या खरेदीचा भाव वाचीत बसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे कार्यालय म्हणजे हिशोब नव्हे. रोजकीर्द, खतावणी, कराचे विवरण यांसाठी आपण टॅली किंवा तत्सम जे वापरतो ते चालूच ठेवावे. तक्त्यांवर खतावणी लिहू पाहणारे काही उत्साही तरुण आम्ही पाहिले आहेत. मार्चअखेरीस त्यांच्या मुद्रा पाहण्यासारख्या होतात. टॅलीच्या माहितीची रोजची प्रत मात्र या कपाटात जरूर ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. सीमाभागातील एका गावी एका भुसार व्यापाऱ्याने काही वर्षांपूर्वी दुकानात नव्याने लागलेल्या मुलास सांगितले, ‘आपल्या दुकानाचा एक ईमेल काढ.’ मुलाने पाच मिनिटांत फुकटचे खाते काढले. मोबाईल क्रमांक स्वतःचा दिला, कारण मालक त्या वेळी गल्ल्यावर नव्हते. पुढे चार वर्षे बँक, विमा, बाहेरगावचे अडते, सर्व पत्रव्यवहार त्या खात्यावर झाला. मग मुलगा नोकरी सोडून गेला आणि यथावकाश त्याने क्रमांकही बदलला. एके दिवशी खाते उघडताना ओळख पटविण्याचे अंक मागितले गेले आणि ते जुन्या क्रमांकावर गेले. मुलगा अप्रामाणिक मुळीच नव्हता, बोलाविताच येऊन बसला. परंतु त्याच्याही हातात काही उरले नव्हते. चार वर्षांचे दप्तर वखारीत सुखरूप होते, आणि त्याची पावती दुसऱ्याच्या नावाची होती. फुकटच्या वैयक्तिक खात्यांविषयी आणखी एक नियम ध्यानात असू द्यावा: दोन वर्षे न वापरलेली अशी खाती काढून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून प्रारंभ केला आहे.

यावर उपाय आहे, आणि तो फारसा खर्चिक नाही. पेढीने प्रथम स्वतःच्या नावाचा इंटरनेटवरील पत्ता, ज्यास डोमेन म्हणतात, तो घ्यावा. तो वार्षिक भाड्याने मिळतो. ‘डॉट इन’ ने संपणारे पत्ते ही आपल्या देशाची नोंद होय आणि लहान पेढीस ते पुरेसे आहेत. हा पत्ता आणि टपाल ठेवणारी कंपनी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या नावावर येणारे टपाल कोणत्या कंपनीच्या वखारीत उतरावयाचे, हे डोमेनच्या नोंदीत एका ओळीने ठरते. ती ओळ बदलली की पुढचे टपाल दुसऱ्या कंपनीकडे जाऊ लागते, आणि गिऱ्हाइकास त्याचा पत्ताही लागत नाही. दुकान भाड्याचे असले तरी पाटी आपली असावी, म्हणजे दुकान बदलता येते. ज्याचा ईमेल दुसऱ्या कंपनीच्या नावाने संपतो त्याची पाटी भिंतीत चिणलेली असते.

म्हणूनच हे डोमेन कोणाच्या नावे नोंदले आहे, हे आजच्या आज पाहावे. पुष्कळ वेळा संकेतस्थळ करून देणारा दुकानदार ते स्वतःच्या खात्यात नोंदवितो. लबाडीने नव्हे, सोयीसाठी. नूतनीकरणाची सूचनाही मग त्यालाच जाते. त्याने धंदा बंद केला किंवा सूचना वाचली नाही की एका सकाळी आपले टपाल थांबते. नोंद पेढीच्या नावे, ईमेल मालकाचा, मोबाईल मालकाचा, आणि भरणा एकदम काही वर्षांचा, असे असावे.

सेवेच्या खात्याचेही तसेच. प्रत्येक खात्यास एक व्यवस्थापक असतो. तो कोणासही आत घेऊ शकतो, कोणासही बाहेर काढू शकतो. हा अधिकार दिवाणजीस अथवा संगणकवाल्यास देऊ नये. तो मालकाकडे असावा, आणि केवळ एकाकडे असू नये. आमच्या वयाच्या माणसांनी हे विशेष मनावर घ्यावे. तिजोरीची दुसरी किल्ली कोठे आहे हे आपण घरात सांगून ठेवलेले असते. या किल्लीचे कोणी सांगत नाही. दोन भावांची पेढी असेल तर दोघेही व्यवस्थापक असावेत, आणि भागीदारीच्या करारात डोमेन व हे खाते यांचा पेढीची मालमत्ता म्हणून स्वच्छ उल्लेख असावा. वाटणीच्या वेळी दुकानाचे नाव कोणी लावावयाचे यावरून घरे दुभंगलेली आपण पाहिली आहेत. आता त्या नावाबरोबर पंधरा-वीस वर्षांचा पत्रव्यवहारही जातो. नोकर सोडून जाताना त्याचे खाते तडकाफडकी पुसून टाकू नये. आधी ते स्थगित करावे, त्यातील फाईली पेढीच्या नावे वर्ग कराव्यात, मगच पुसावे. पुसलेले खाते परत मिळविण्याची मुदत थोडी असते.

खर्चाविषयी थोडक्यात. भाडे दरमहा, माणशी असते. म्हणून खाती मोजकीच घ्यावीत. मालक, चिरंजीव व दिवाणजी अशी तीन आमच्या पेढीस पुरतात. ‘विक्री’, ‘हिशोब’ असे जादा पत्ते हवे असल्यास ते त्याच खात्यांना जोडता येतात, त्यांचे निराळे भाडे पडत नाही. हे विक्रेता सांगत नाही, आपण विचारावे लागते. या सेवेवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागतो. कापड किंवा भांड्यांच्या व्यापाऱ्यास त्याची वजावट मिळते. आम्हां सुट्या धान्यवाल्यांचा माल करमुक्त असल्यामुळे तो आमच्या अंगावरच पडतो.

कायद्यात या कागदांना पूर्ण मान्यता आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींना माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालापासूनच स्थान दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार त्या न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतात, मात्र विहित प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. वस्तू व सेवा कराचे दप्तर वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागते. ज्यांनी आपली पेढी प्रायव्हेट लिमिटेड केली आहे त्यांना आणखी एक बंधन आहे: हिशोबाची वही इलेक्ट्रॉनिक असल्यास तिची प्रत भारतातील संगणकावर ठेवावी लागते, आणि २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर ती रोजच्या रोज. साध्या भागीदारीस हा नियम नाही.

कंपन्यांच्या जाहिराती वाचून असा समज होतो की, एकदा दप्तर तेथे गेले म्हणजे आपली काळजी मिटली. तसे नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहरी ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या केंद्रास आग लागून एक संबंध इमारत भस्मसात झाली. ज्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांपैकी अनेकांचे सर्वस्व गेले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील रॅकस्पेस कंपनीच्या ईमेल सेवेवर खंडणीखोरांनी हल्ला केला. तिचे बरेचसे गिऱ्हाईक आपल्यासारखेच लहान व्यावसायिक होते. कंपनीने ती सेवा पुन्हा उभी न करता गिऱ्हाइकांना मायक्रोसॉफ्टकडे वळविले, आणि जुने टपाल हाती येण्यास पुष्कळ दिवस लागले.

तिसरे उदाहरण आपल्या देशातील आहे आणि अधिक विचार करावयास लावणारे आहे. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियन भागभांडवल आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल व इतर सेवा बंद केली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिना संपण्याच्या आत सेवा पूर्ववत झाली. नायरासारख्या कंपनीजवळ वकिलांची फौज असते. आपल्यावर युरोपीय संघ निर्बंध घालील अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु भाड्याचे कार्ड मुदतबाह्य झाले, किंवा कंपनीच्या यंत्राला आपल्या खात्याचा विनाकारण संशय आला, तरी दार बंद होते, आणि दाराशी बोलावयास माणूस नसतो.

चोर मात्र या सर्वांहून जवळचा आहे. आपला परवलीचा शब्द चोरून तो आपल्या टपालात गुपचूप बसतो, बिलांची ये-जा वाचतो, आणि योग्य वेळी आपल्याच नावाने गिऱ्हाइकास लिहितो की, ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे.’ पैसे जातात, माल जातो, आणि वीस वर्षांचे दोन व्यापारी परस्परांस खोटे ठरवितात. यास्तव परवलीच्या शब्दाबरोबर मोबाईलवरील दुसरी खूण मागण्याची जी सोय असते, ती प्रत्येक खात्यास लावलीच पाहिजे. आणि बँक खाते बदलल्याचा ईमेल आला तर पैसे पाठविण्यापूर्वी त्या व्यापाऱ्यास आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून त्याचा आवाज ऐकावा. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याचा संभव असतो.

राहिला प्रश्न प्रतीचा. या सर्व कंपन्या आपले संपूर्ण दप्तर उतरवून घेण्याची सोय देतात. गूगलमध्ये तिचे नाव टेकआउट असे आहे. आमच्या पेढीत दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी दिवाणजी तक्ते, पत्रे आणि टॅलीची प्रत एका छोट्या हार्डडिस्कवर उतरवून घेतात. अशा दोन डिस्क आहेत, त्या आळीपाळीने वापरतात. दुसरी दुकानात ठेवीत नाही, कारण दुकानास आग लागली किंवा पाणी शिरले तर दोन्ही जातील; ती घरी, माडीवरच्या कपाटात असते. दिवाळीत चोपडापूजनाच्या आदल्या दिवशी त्यातील कोणतीही एक फाईल, बहुधा मागील वर्षाची एखादी गाडी, प्रत्यक्ष उघडून चिरंजीव मोठ्याने वाचतात आणि दिवाणजी जुन्या हिशोबपट्टीशी आकडा ताडून पाहतात. गेल्या वर्षी सोयाबीनची गाडी निघाली होती, वजन जुळले.